गच्चीवरचं ऊन आणि एकशे एकाहत्तर

२८ सप्टें., रवि.

क्लबवर एअर रायफलने चाळीस गोळ्या मारल्या. पहिल्या दहात तीनदा आठच गुण, तिन्ही गोळ्या खाली. नंतरच्या दहात परत तेच, शिवाय एक सात. वाट लागली सगळी. पाटकर सर मागे हाताची घडी घालून उभे. एरवी खांदा, हनुवटी, श्वास, काही ना काही टोकतात. आज गप्प. हा माणूस गप्प बसला की मला धडकी भरते.

शेवटी म्हणाले, "सुलभा, रायफल उतरलीय बहुतेक. वेग कमी झाला की गोळी खालीच जाणार. गेल्या महिन्यात आतलं हवेचं सील मीच बदललं ना. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी पटकन हो म्हटलं. फार पटकन.

इथे तरी खरं लिहिते. डावा हात. रायफल ज्याच्यावर तोलायची तो. लिहिते, ओतते तीही त्यानेच, डावखुरी मी. गणपतीपासून चहा ओतताना बशीत सांडतोय. बाबांचा हात पंचावन्नाव्या वर्षी हलायला लागला होता. मी ऑगस्टमध्ये पंचावन्न पूर्ण केली. आईला सांगितलेलं नाही, सरांना नाही, कोणालाच नाही. आधी रायफल मोजू. रायफल खराब निघाली तर हात बरा. बस.

३० सप्टें., मंगळ.

क्लबचा हॉल गेला. मतदारयाद्यांच्या कामाला दिलाय, दिवाळीपर्यंत तरी मिळत नाही. आमचे टार्गेटचे स्टँड जिन्याखाली रचून ठेवलेत.

शाळेच्या ऑफिसातून सुटून थेट बोरिवली. परेशकडे क्रोनो आहे, गोळीचा वेग मोजायचं यंत्र. तो क्लब सोडून चार वर्षं झाली, मी दोनदाच बोलले असेन त्याच्याशी. तरी डबा टॉवेलात गुंडाळून तयार ठेवला होता, वर बायकोने खाकरा दिला. "सुलभाबेन, पाहिजे तेवढे दिवस ठेवा. फक्त एक सफेद कव्हर शिफ्टिंगमध्ये गेलं, सॉरी." सॉरी काय म्हणतो. मी बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले होते, बाळ घेतल्यासारखी.

घरी पॅसेजमध्ये मांडून बघितला. दोन डोळे आहेत, एकमेकांपासून वीतभर लांब, वर बघत बसलेले. गोळी पहिल्यावरून गेली की घड्याळ चालू, दुसऱ्यावरून गेली की बंद. डोळ्याला गोळीची सावली दिसली पाहिजे एवढंच. उशीत एक गोळी मारून बघितली. आकड्याच्या जागी एररचा E. दुसरी. E. परेशला फोन. म्हणाला ट्यूबलाईट चालत नाही, ती लुकलुकते, आपल्याला कळत नाही पण यंत्राला कळतं. दिवसाचा उजेड पाहिजे.

म्हणजे गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. अट एकच, कबुतरांना हात लावायचा नाही. आणि आम्ही असेपर्यंत गच्चीच्या दाराला आतून कडी. मला वाटलं होतं पंधरा अर्ज करायला लावतील. भला माणूस.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

मी अंघोळ करून येईपर्यंत आईची पूजा आटोपली होती. घरात जे काही लोखंडी नि यंत्राचं आहे ते सगळं पाटावर. विळी, शिलाई मशीन, माझे स्क्रूड्रायव्हर, रायफलीला झेंडूची माळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरून खाली बसते, पण हे चुकवत नाही. जेवायला पुरी आणि विकतचं श्रीखंड, एक किलोचा डबा, दोन माणसांना.

संध्याकाळी सर आपट्याची पानं घेऊन आले. आईच्या पाया पडले. ते त्र्याहत्तर, ती अठ्ठ्याहत्तर, तरी पडतात. जाताना जिन्यात मला म्हणाले, "आकडा खराब आला ना सुलभा, तर माझी हत्यारं तुझ्याकडे देतो. मी थांबतो. दुसऱ्याची रायफल बिघडवण्यापेक्षा ते बरं."

पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. सगळ्या क्लबच्या रायफली त्यांनीच उघडल्या, त्यांनीच जोडल्या. एका जुन्या मेंबरने मागच्या वर्षी आपली रायफल बाहेर दुसरीकडे नेली, म्हणाला सरांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. ते सरांच्या कानावर गेलंय.

म्हणजे रायफल खराब तर सरांचा हात गेला. रायफल चांगली तर माझा. आणि मी मनात काय मागतेय ते मला माहीत आहे. लाज वाटते. तरी मागतेय.

३ ऑक्टो., शुक्र.

सव्वासातला गच्चीवर. टाकीच्या भिंतीला प्लायवूड, त्याच्यापुढे रद्दी ठासून भरलेलं खोकं. रायफल वाळूच्या पिशवीवर, म्हणजे हात हलो न हलो, वेगाला फरक नाही. मी घोडा ओढणार, सर आकडा मोठ्याने वाचणार, दोघं आपापल्या वहीत लिहिणार.

रायफल नवी होती तेव्हा गोळीचा वेग एकशे सत्तरच्या आसपास होता, सेकंदाला मीटर. क्लबच्या रजिस्टरात आहे.

आज: २८४. ९६. E. १५२. E. E. १६३.

सर म्हणाले २८४ ला ही गोळी भिंत फोडून मुलुंडला जाईल. ऊन समोरून तिरपं येत होतं, सरळ त्या दोन डोळ्यांत. यंत्र आंधळं झालंय, दुसरं काय.

१५२ खाली मी रेघ मारली.

४ ऑक्टो., शनि.

हाफ डे. दुपारी दोनला गेलो, ऊन डोक्यावर असलं तर बरं पडेल म्हणून. काही बरं नाही. १५२. ३१०. E. E. मी माझी काळी छत्री धरायला लावली. सर बिचारे छत्री धरून उभे, घाम नुसता गळतोय, मी खाली आडवी. पाचच्या पाच E.

परेशला फोन. तो दुकानात होता, गिऱ्हाईक सोडून बोलला. "बेन, छत्री नको. एका डोळ्यावर सावली नि एकावर ऊन झालं. सूरज नको, पण आकाश पाहिजे. दोघांना सरखं."

सूरज नको पण आकाश पाहिजे. सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. कुठल्याही वयात माणूस शिकायला बसला की बघायला छान वाटतं.

५ ऑक्टो., रवि.

सकाळी ढग. दहा मिनिटं सगळं आकाश दुधासारखं. १७१. १७२.

दोन लागोपाठ. मी म्हटलं, "सर, हे काही खरं नाही, परत घेऊ." सर म्हणाले, "घेऊ." तेवढ्यात ढग सरकला, ऊन पडलं, १४८. ते मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

नंतर: २४०. E. १५५. E.

घरी येऊन वही उघडली तर दिसलं की १७१ आणि १७२ वर मी काट मारलीय. कधी मारली आठवत नाही. १४८ वर नाही मारली. असं करतात का? शाळेत एखाद्या पोराने प्रयोगवहीत असं केलं असतं तर मी मॅडमना सांगितलं असतं.

सरांनी हुज्जत घातली नाही याचं नवल वाटलं. त्यांना तर १७१ हवंय ना. त्यांचा हात शाबूत असल्याचा तो पुरावा.

७ ऑक्टो., मंगळ.

कामाचा डोंगर. दिवाळीपूर्वी सगळ्यांचे दाखले आजच पाहिजेत. सही करताना पेन घसरलं. शेजारच्या टेबलावरची वंदना म्हणाली, "सुलू, रात्री झोपत नाहीस का गं?" मी हो म्हटलं. खोटं.

फॉर्मची शेवटची तारीख १७. वयस्करांच्या गटाची मॅच दिवाळीनंतर. मागच्या वर्षी माझा चौथा नंबर होता, एका गुणाने तिसरा हुकला. या वर्षी तिसरा मिळवायचा असं ठरवून बसले होते.

८ ऑक्टो., बुध.

परेशचं वाक्य डोक्यात घेऊन आईकडे पांढरी चादर मागितली. तिने ट्रंक उघडून बाबांचं धोतर काढून दिलं. मी नको म्हणत होते. "घे गो. पातळ आसा, उजेड येतलो. चादरीतसून येवचो नाय." बरोबर होतं तिचं. मिलमध्ये सूत कातणाऱ्याची बायको, कापड हाताला लागलं की कळतं.

कपडे वाळत घालायच्या तारांवर धोतर ताणलं, चिमटे लावले, खाली क्रोनो. उन्हाची धार गेली, एकसारखा मऊ उजेड. फार सुंदर दिसत होतं ते, उगाच लिहून ठेवते.

१७१. १५५. १७१. २४०. १७२. E.

E कमी झाले. पण १७१ वाढायला लागलेत. परत घेऊ म्हटलं. सर म्हणाले घेऊ.

९ ऑक्टो., गुरु.

सरांना रात्रभर सुचत होतं वाटतं. सकाळी आले ते थेट गच्चीच्या फरशीकडे बोट दाखवत. पावसाआधी सोसायटीने गळती थांबवायला पांढरा रंग मारून घेतलाय. "ऊन या रंगावर आपटून वर येतंय. गोळी शिशाची, चकचकीत. तिचं पोट उजळून निघतं, मग डोळ्याला सावली दिसणार कशी?"

शाळेतून काळा मार्कर आणला होता तो कामी आला. वीस गोळ्या काळ्या केल्या, एकेक चिमटीत धरून. माझ्या चार खाली पडल्या. सरांनी उचलून दिल्या. क्रोनोच्या खाली गोणपाट अंथरलं.

१७०. १७१. १४९. १७२. १७१. ३०२.

सुधारलं. सर खूश दिसायला हवे होते. मार्करची काळी बोटं धोतराला पुसणार होते, मी ओरडले.

तळमजल्यावरच्या काकूंनी वर चहा पाठवला, किटलीत. आठ दिवस आम्ही त्यांच्या वाळवणाची जागा अडवून बसलोय आणि चहा पाठवतात. सरांनीच ओतला. माझ्या हातात किटली आली असती तर मी सरांपुढे उघडी पडले असते.

११ ऑक्टो., शनि.

हरवलेलं सफेद कव्हर. एका डोळ्यावर कव्हर आहे, एकावर नाही, म्हणून गडबड असं सरांचं मत. गच्चीवर बसून विचार करत होतो, तेवढ्यात आईची हाक, जेवायला या. जेवताना सरांची नजर श्रीखंडाच्या डब्यावर. आता त्यात डाळ असते. झाकण उजेडाकडे धरलं, वाकवून बघितलं, आईला म्हणाले, "वहिनी, हे मी कापू का?" आई म्हणाली कापा, पण डाळीक मुंग्यो लागल्यो तर तुमी निवडूक येवा.

छापलेली अक्षरं नेलपॉलिश रिमूव्हरने घासून काढली, नऊ वेळा. झाकण कापून, वाकवून, चिकटपट्टीने बसवलं. ओरिजिनल कव्हरच्या बरोबरीनं दिसतंय. हाताचा थरकाप वगैरे सरांना काहीही नाही, कात्री कशी सरळ चालली. मी बघत होते. या हाताने सील चुकीचं बसवलं असेल?

उद्या रविवार. उद्या सगळं एकत्र लावून मोजायचं.

१२ ऑक्टो., रवि.

आकाश निळंशार, ऊन कडक, ऑक्टोबरचं असतं तसं. धोतर, गोणपाट, काळ्या गोळ्या, श्रीखंडाचं झाकण. आता खोड काढायला जागा नव्हती.

१७१. १७१. १५३. E. १७२. २६६.

सर वैतागले. मी त्यांना वैतागलेलं आठ वर्षांत दोनदा बघितलंय. खिशातून भिंग काढलं, टूलरूमचं, डोळ्यात बसवायचं. क्रोनोवर वाकले. बराच वेळ उठेनात. मग म्हणाले, "सुलभा, हे आत लालसर काय आहे?"

मी बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या काचेवर तांबूस तेलकट साय. आणि एका खाचेत अडकलेला अख्खा तांदळाचा दाणा.

मला दोन सेकंद लागले. मग खाली गेले.

"आई, दसऱ्याला ते मशीन पाटावर होतं?"

"होता मां. हत्यार आसा तां. पुजूक नको?" भाजी चिरता चिरता. "दोन डोळे आसत तेका. दोनांयका कुंकू लावलंय, अक्षता घातलंय. मगे तुझी वस्तू घाण दिसाक नको म्हणान खोबरेल तेलान पुसून ठेवलंय."

मी वर येऊन सरांना सांगितलं. वाटलं चिडतील. ते खाली बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं मी पस्तीस वर्षं मायक्रोमीटरला कुंकू लावलंय. पण डबीला." आणि मग म्हणाले, ढग होते तेव्हा चाललं, ऊन आलं की बिघडायचं, ते या सायीमुळे. साध्या उजेडात ती लपते, कडक ऊन आलं की तीच चमकते, गोळी कुठे दिसणार. आपण दहा दिवस सूर्याला शिव्या घातल्या.

चष्मा पुसायचं पाणी, कापूस, दाण्यासाठी सुई. काच लखलखीत.

मग बारा गोळ्या. भर उन्हात, साडेदहाला.

१७१, १७२, १७१, १७१, १७०, १७१, १७२, १७१, १७१, १७१, १७२, १७१.

रायफल ठणठणीत आहे. सरांनी बसवलेलं सील चोख. मी म्हटलं, "अभिनंदन सर." सरांनी वही मिटली. धोतराचे चिमटे एकेक करून काढायला लागले, पाठ माझ्याकडे. खूश व्हायला हवे होते. नाही झाले.

खाली आले तर आई विचारते, "बंदूक बरी आसा मां?"

"बरी आहे."

"मगे रडतंस कित्याक?"

मला कळलंच नव्हतं मी रडतेय. मग सांगितलं. तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, पंधरा दिवसांचं सगळं. डावा हात पुढे केला. तिने विळी बाजूला सारली, हात पदराला पुसला आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन बसली.

"माका ठावक आसा. चाय वततंस तेव्हा बघतंय मी. तुझ्या बापाशीचो हात असोच हलाक लागललो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशीत म्हणान गप रवलंय."

मग म्हणाली, तो तेच्यानंतर बारा वर्सां आपल्या हातान जेवलो. बारा वर्षं. मला आठवत होता तो फक्त हलणारा हात. तो स्वतः जेवायचा हे मी विसरले होते. आईने आठवण करून दिली, फार बरं वाटलं. कसं लिहू ते कळत नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.

क्रोनो परत पाठवायच्या आधी टॉवेलात गुंडाळत होते तर आत सरांची वही. गच्चीवरून सगळं एकत्र उचलून आणलं तेव्हा आली असणार. दुसऱ्याची वही उघडू नये. उघडली. आकडेच तर आहेत, मला माहीत असलेले.

३ तारखेच्या १५२ खाली रेघ. माझ्यासारखीच.

५ तारीख. १७१, १७२. दोन्हींवर काट. १४८ ला चौकट.

८ तारीख. १७१ वर काट, १७१ वर काट, १७२ वर काट. १५५ ला चौकट.

९ तारखेलाही तेच. मी चटईवर बसून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. अक्षर वेगळं, बाकी एकाच माणसाने लिहिल्यासारख्या.

संध्याकाळी वही द्यायला त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "सर, मी वाचली." ते खुर्चीत सरळ झाले. मी विचारलं, "तुम्हाला १७१ का नको होतं?"

"तुझी पेन्सिल उन्हाळ्यापासून हलताना बघतोय मी," म्हणाले. "स्कोर लिहितेस ना, त्यात. नंतर चहा. मग हात खिशात ठेवायला लागलीस." मग म्हणाले, "माझी चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो, सुलभा. त्र्याहत्तरला माझा हात गेला तर काय मोठं. हत्यारं देऊन टाकली असती, पेपर वाचत बसलो असतो."

मी दहा दिवस या माणसाचा हात जावा म्हणून प्रार्थना करत होते. तोही तेच मागत होता. माझ्यासाठी.

मी ते सांगून टाकलं. मीही तुमचंच वाईट मागत होते सर, स्वतःला वाचवायला. म्हणाले, "मागणारच. मी असतो तर मीपण मागितलं असतं. चहा टाकू?" आणि टाकला. मी ओतला. बशीत सांडला. त्यांनी बशी उचलून प्यायला, नेहमी असाच पितात असा आव आणून. बशीने चहा पिताना मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही.

१६ ऑक्टो., गुरु.

परेशला क्रोनो पोचवला. कुंकवाची गोष्ट सांगितली. त्याच्या बायकोने हसून हसून दाराचा आधार घेतला, मग म्हणाली आमच्याकडे पण पूजा केली होती नवीन आणलं तेव्हा, नारळ फोडून. परेश एकदम गंभीर. "कुठे फोडलास?" त्यांचं चालू राहिलं, मी निघाले. झाकण मात्र त्याने ठेवून घेतलं, म्हणाला ओरिजिनलपेक्षा बेस्ट आहे.

डॉक्टरांची वेळ मिळाली. मेंदू-नसांचे आहेत, मुलुंडला. शनिवारी अकरा. वंदनाने नंबर काढून दिला, तिच्या दिराला त्यांच्याकडेच गुण आलाय. तिला मंगळवारीच सांगितलं. तिने सगळे दाखले स्वतःच्या टेबलावर ओढून घेतले आणि म्हणाली, सही तेवढी तू कर, बाकी माझ्यावर सोड यार. मी इतके दिवस कोणापासून लपवत होते?

१७ ऑक्टो., शुक्र.

शाळा लवकर सुटली. फॉर्मचा आजचा शेवटचा दिवस.

सर क्लबच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. मी म्हटलं, भरू की नको? उद्या डॉक्टर काय म्हणतील कोणाला माहीत. साधा थकवा असेल, थायरॉईड असेल, बाबांचं तेच असेल. औषधाच्या गोळ्यांनी हात थांबेल, नाही थांबणार. मॅचला महिना आहे. खाली गेलेल्या गोळ्यांचं मी आता रायफलीवर ढकलू शकत नाही.

सर म्हणाले, "मला विचारू नकोस. माझ्या वहीवर कोणी भरवसा ठेवू नये."

आत गेले. नाव, वय, गट. वजनदार पेन होतं तिथलं, दोरीला बांधलेलं. "सुलभा" चा शेवटचा काना वाकडा गेला. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं दुसरा फॉर्म देऊ का, मी नको म्हटलं.

कोचच्या सहीची जागा होती, म्हणून बाहेर आले. सरांनी सही केली, सरळ, एका झटक्यात. मग फॉर्म माझ्या डाव्या हातात दिला, उजव्यात नाही. कागद थरथरत होता. फॉर्म जमा करायच्या खिडकीपर्यंत चार पावलं. सर शेजारून चालत होते, मुद्दाम माझ्याकडे न बघता. मी तो तसाच थरथरता आत सरकवला.